अधूनमधून जाणाऱ्या नेटचा माग

वेल्समधल्या पाउइस परगण्यात ॲबरहोसान नावाचं एक छोटं गाव आहे. दीड वर्ष या गावाचं इंटरनेट रोज सकाळी सात वाजता कोलमडत होतं. तक्रारी गेल्या. ब्रिटनमधलं तारांचं जाळं सांभाळणाऱ्या ओपनरीच कंपनीची माणसं पुन्हा पुन्हा आली, तपासण्या झाल्या, तारांचे तुकडे बदलले गेले. प्रत्येक तपासणीत सगळं ठणठणीत निघायचं आणि दुसऱ्या दिवशी सात वाजले की पुन्हा तेच. शेवटी २०२० साली एक तुकडी स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन गावात आली. हवेतल्या विद्युतलहरी किती जोराच्या आहेत आणि कोणत्या वारंवारतेच्या आहेत, हे दाखवणारं ते यंत्र. पहाटे सहापासून ही माणसं मुसळधार पावसात गावभर चालत राहिली. बरोबर सातला यंत्राने लहरींचा मोठा लोट पकडला. त्याचा माग काढत ती एका घराच्या दाराशी पोचली. आत एक जुना, सेकंडहँड टीव्ही होता आणि घरातला माणूस तो रोज सकाळी सातला लावत असे.

त्या टीव्हीला गावाच्या इंटरनेटशी जोडणारी एकही तार नव्हती. तो सुरू होताना त्यातून विद्युतलहरींचा एक जोरदार झटका बाहेर पडे, एवढंच. गावातलं ब्रॉडबँड तांब्याच्या टेलिफोन तारांवरून येत होतं. अशा तारेवर मॉडेम आपली माहिती शेकडो अरुंद पट्ट्यांत वाटून पाठवतो आणि प्रत्येक पट्टीत किती माहिती बसेल, हे तारेवरचा गोंगाट मोजून ठरवतो. पण खांबाखांबांवरून गेलेली तांब्याची तार ही एक लांबलचक अँटेनाही असते. ती तो झटका झेलायची, मॉडेमने जुळवलेलं गणित मोडायचं आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागायची. आपल्या टीव्हीमुळे हे होतंय हे कळल्यावर तो माणूस ओशाळला आणि त्याने टीव्ही लावणं कायमचं थांबवलं. गावाचं नेट सुधारलं.

या हकिगतीत मला सर्वांत मोलाचे वाटतात ते सकाळचे सात. दीड वर्ष तारा तपासून जे सापडलं नाही, ते घड्याळाकडे लक्ष दिल्यावर एका सकाळीत सापडलं. नेट पूर्ण बंद पडलं तर शोध सोपा असतो, कारण बिघाड जागेवर थांबलेला असतो. अधूनमधून जाणारं नेट तंत्रज्ञ दारात येईपर्यंत चालू झालेलं असतं आणि घरातली माणसं “मघाशी नव्हतं हो” एवढंच सांगू शकतात. अशा बिघाडाला आपण लहरी म्हणतो. तो लहरी नसतो. तो काहीतरी दुसरं घडतं तेव्हाच घडतो आणि ते दुसरं काय, हे आपल्याला माहीत नसतं.

ते शोधणं अवघड का, याचं उत्तर इंटरनेटच्या जन्मातच आहे. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोन अमेरिकन संशोधकांनी वेगवेगळ्या प्रकारची जाळी एकमेकांना कशी जोडायची याचा आराखडा मांडला. त्यातून पुढे जे घडलं त्याचा पाया एका धाडसी गृहीतकावर आहे: वाटेत माहिती हरवणारच. आपण पाठवतो तो फोटो, पत्र, चित्रपट, सगळं साधारण दीड हजार बाइटांच्या पॅकेटांत तुटतं. तीन एमबीचा एक फोटो म्हणजे दोन हजार पॅकेटं. वाटेतल्या कुठल्याही राऊटरला पॅकेट टाकून देण्याची मुभा आहे आणि टाकून दिल्याचं कळवण्याचं बंधन त्याच्यावर नाही. सगळी जबाबदारी दोन टोकांवर. पाठवणारा संगणक प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतो, घेणारा पोच देतो, पोच आली नाही तर तुकडा पुन्हा निघतो. तरीही आली नाही तर पाठवणारा आधीच्या दुप्पट वेळ थांबून पुन्हा पाठवतो. वायफायवर तर याच्याही खाली आणखी एक थर आहे. राऊटर आणि लॅपटॉप एकमेकांना दिलेल्या जवळपास प्रत्येक तुकड्याची तिथल्या तिथे पोच देतात आणि ती चुकली तर डोळ्याची पापणी लवायच्या आत पुन्हा प्रयत्न करतात.

म्हणजे हे जाळं मोडतोड गृहीत धरूनच उभं आहे. तुम्ही वाचत असताना घरातलं नेट सुरळीत दिसत असेल, तेव्हाही पॅकेटं हरवत आहेत आणि भरून निघत आहेत. ज्या बिघाडाची आपल्याला चाहूल लागते, तो एवढ्या सगळ्या दुरुस्त्यांना पुरून उरलेला असतो. व्हॉट्सॲपचे निरोप जातात, बातम्या उघडतात आणि व्हिडिओ कॉलवर मात्र समोरच्याचा चेहरा गोठतो, त्याचं कारण हेच. निरोपाला अर्धा सेकंद उशीर झाला तर कोणाला कळत नाही, पण बोलण्याचा हरवलेला तुकडा अर्ध्या सेकंदाने आला तर त्याचा उपयोग नसतो. म्हणून घरात सगळ्यांत आधी तक्रार करणार व्हिडिओ कॉलवर असलेला माणूस. त्याचं ऐकावं. तो खरं सांगत असतो.

बिघाड झाकणाऱ्या या दुरुस्त्यांची एक दुसरी बाजू १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये उघडी पडली. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्या दोहोंमधला माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर आला. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. गर्दी झाल्यामुळे पॅकेटं हरवत होती, हरवली म्हणून प्रत्येक संगणक ती पुन्हा पाठवत होता आणि त्या पुन्हा पाठवण्यानेच गर्दी वाढत होती. प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले माइक कॅरल्स यांनी यावर जो उपाय शोधला त्याची सुधारित रूपं आजही आपल्या फोनमध्ये चालतात. पॅकेट हरवलं की वाटेत गर्दी आहे असं समजायचं, आपला वेग एकदम निम्म्यावर आणायचा आणि मग हळूहळू वाढवत न्यायचा. जगभरातली यंत्रं, एकमेकांना न विचारता, कोणाच्याही हुकमाशिवाय हा संयम पाळतात. इंटरनेट त्यामुळे तगलं. मला हे मानवी बुद्धीचं एक नितांतसुंदर काम वाटतं.

पण घरात याचा एक परिणाम होतो. वायरची पिन ढिली असल्यामुळे शंभरातलं एखादं पॅकेट हरवलं, तर संगणकाला पिन दिसत नाही. त्याला गर्दी दिसते. तो सभ्यपणे वेग कमी करतो. पुन्हा एक हरवतं, पुन्हा कमी करतो. कंपनी शंभर एमबीपीएस देते म्हणते आणि आपल्याला त्याचा अंशही मिळत नाही, यामागे कित्येकदा प्लॅस्टिकची खिट्टी मोडलेली एक पिन असते.

हे थर बाजूला सारून खालचं खरं पाहण्याचं साधन प्रत्येक संगणकात आहे आणि ते फुकट आहे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस या प्रोग्रामरला तिथल्या जाळ्यात काहीतरी विचित्र होतंय असं जाणवलं. त्याने एका रात्रीत एक छोटा प्रोग्राम लिहिला. दुसऱ्या संगणकाला एक हाक द्यायची, तो प्रतिसाद देतो का पाहायचं आणि किती वेळात दिला ते मोजायचं. पाणबुड्यांच्या सोनारचा आवाज तो ‘पिंग’, म्हणून नावही तेच. पहिलं पॅकेट सोडायच्या आत त्याच्या एका सहकाऱ्याने मूळ बिघाड शोधून दुरुस्तही केला होता. पिंग मात्र राहिला आणि जगभर गेला.

म्यूसने पुढे एक किस्सा नोंदवून ठेवला, तो आपल्या विषयाचा गाभाच आहे. एका जाळ्याच्या व्यवस्थापकाला कुठली तरी जोडणी मधूनमधून सुटत असल्याचा त्रास होता. त्याने पिंगचं प्रत्येक उत्तर संगणकाकडून मोठ्याने म्हणवून घेतलं आणि तो आवाज ऑफिसातल्या स्टीरिओला जोडला. दर सेकंदाला इमारतभर ‘पिंग, पिंग’ घुमू लागलं. मग तो मजल्यामजल्यावरून फिरत एकेक वायरची पिन हलवत गेला. एका पिनेला हात लावताच आवाज थांबला. बिघाड तिथे होता.

घरी एवढा थाट लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची खिडकी उघडून पिंग, मग पत्ता, मग उणे चिन्हाला जोडून इंग्रजी टी लिहिलं की दर सेकंदाला एक हाक जात राहते, आपण थांबवेपर्यंत. मॅक किंवा लिनक्सवर शेवटचं टी लागत नाही. खरी युक्ती पत्त्यांच्या निवडीत आहे. एक खिडकी घरातल्या राऊटरसाठी. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि संगणक त्याला ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणतो. दुसरी खिडकी बाहेरच्या जगासाठी, गुगलचा ८.८.८.८ हा पत्ता लक्षात ठेवायला सोपा. दोन्ही चालू ठेवायच्या आणि आपलं काम करत राहायचं. नेट गेलं की आधी या खिडक्यांकडे पाहायचं. दोन्हींकडून उत्तर येणं थांबलं असेल तर बिघाड तुमच्या भिंतींच्या आत आहे: वायफाय, वायर, राऊटर किंवा खुद्द संगणक. राऊटर उत्तर देतोय आणि बाहेरचा पत्ता गप्प आहे, तर राऊटरच्या पलीकडे पाहा. दोन्ही उत्तर देतायत आणि तरी संकेतस्थळ उघडत नाही, तर बहुधा नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा अडलेली असते. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ सालीच रचलेली ही यंत्रणा बंद पडली की रस्ते शाबूत असतात, फक्त कोणाचं घर कुठे हे सांगायला कोणी नसतं. अशा वेळी राऊटरमध्ये डीएनएसचा दुसरा पत्ता घातला की काम भागतं.

त्या खिडकीतले मिलिसेकंदांचे आकडे जरा थांबून पाहावेत असे असतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. नागपूर ते मुंबई तंतूची वाट ८०० किलोमीटरची धरली तर जायला ४ मिलिसेकंद, यायला ४. म्हणजे घरात बसून, एका ओळीच्या आज्ञेने, आपण प्रकाशाचा प्रवास मोजत असतो. राऊटरला वायरने जोडलेलं असेल तर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येतं. वायफायवर दोन, तीन, पाच. हा आकडा मधेच २०० झाला आणि परत ३ वर आला, तर नेट ‘गेलं’ नसलं तरी हवेत काहीतरी घडलं आहे.

आणि हवेत फार काही घडत असतं. वायफायची जुनी २.४ गिगाहर्ट्झची पट्टी ही उद्योग आणि घरगुती यंत्रांसाठी मोकळी सोडलेली पट्टी. १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तिथे विनापरवाना संदेशवहनाला वाट करून दिली आणि त्यातून पुढे वायफाय आलं. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, काम करतो. राऊटर हवेत सोडतो ते साधारण एक दशांश वॅट. पलीकडच्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंत त्यातला एक अब्जांश वॅट पोचला तरी चांगली रेंज म्हणतात. ओव्हन आठशे-हजार वॅटचा. त्याच्या दाराच्या फटीतून जे निसटतं ते माणसाला निरुपद्रवी असलं तरी त्या अब्जांश वॅटापुढे प्रचंड असतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनात अर्धा वेळच चालतो, म्हणजे दर सेकंदाला ५० वेळा पेटतो आणि ५० वेळा विझतो. त्या दहा-दहा मिलिसेकंदांच्या शांततेत वायफाय आपली पॅकेटं काढून घेतं. पोळ्या गरम होत असताना नेट रखडतं पण मरत नाही, ते यामुळे.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला या ओव्हनने अनेक वर्षं चकवलं. १९९८ पासूनच्या नोंदींत अधूनमधून एक विलक्षण स्पंद दिसायचा, दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या क्षणिक रेडिओ झोतांसारखा. खगोलशास्त्रज्ञांनी त्याला ‘पेरिटॉन’ असं एका काल्पनिक प्राण्याचं नाव दिलं. हे स्पंद कामाच्या दिवशी आणि दुपारच्या सुमाराला जास्त येतात, ही खूण हळूहळू स्पष्ट झाली. २०१५ साली एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या आवारात बसवलेल्या नव्या यंत्राच्या नोंदी ताडून पाहिल्या. पेरिटॉन येतो त्याच वेळी २.४ गिगाहर्ट्झवरही गडबड दिसत होती. मग त्यांनी आवारातल्या ओव्हनवर प्रयोग केले. ओव्हन थांबायच्या आधीच कोणी घाईने दार उघडलं की मॅग्नेट्रॉन विझता विझता तो झोत सोडत होता. यामुळे दूरच्या दीर्घिकांतून येणारे खरे झोत संशयातून सुटले, हे या शोधाचं मोठं फळ. आपल्याकडे जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महादुर्बीण उभारताना मानवी रेडिओ-गोंगाट कमी असलेली जागा निवडली गेली, त्यामागेही हीच चिंता होती.

पार्क्सची दुर्बीण सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियन संस्थेची. त्याच संस्थेतले जॉन ओसलिव्हन एकेकाळी स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधत होते. १९९० च्या दशकात ते आणि त्यांचे सहकारी घरातल्या रेडिओ लहरींचा एक त्रास सोडवायला बसले. भिंत, कपाट, फ्रिज यांवरून आपटून आलेल्या लहरी मूळ लहरीवर चढतात आणि संदेश चिरडून टाकतात. त्यांनी शोधलेली रीत वेगवान वायफायच्या मुळाशी आहे. तरी प्रतिध्वनी उरतातच. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटर लांब असते. दोन लहरी एकमेकींना खोडतात ती मृत जागा आणि त्या जोर देतात ती जिवंत जागा यांत अनेकदा काही सेंटीमीटरांचंच अंतर असतं. राऊटर टेबलावर हातभर सरकवल्याने नेट सुधारतं, हा भ्रम नाही. खोलीत माणसं फिरली, लोखंडी कपाटाचं दार उघडं राहिलं, तरी ही नक्षी बदलते. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचे राऊटरही याच पट्टीत बोलतात. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. म्हणून जवळच्या खोलीसाठी ५ गिगाहर्ट्झ वापरावं. ते भिंतीत लवकर दमतं, पण तिथे मोकळी जागा पुष्कळ आहे.

संगणकाच्या अगदी कुशीतला एक शत्रू फार थोड्यांना माहीत असतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह चालू असताना तिच्या वायरीतून आणि जोडणीतून जो गोंगाट पसरतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीवरही येतो. इंटेलने २०१२ साली हे मोजून प्रसिद्ध केलं. बॅकअप सुरू झाला की वायफाय तुटतं आणि बिनतारी माउस अडखळतो, असं होत असेल तर डिस्क लांब वायरीने दूर ठेवून पाहा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

इथे मला सगळ्यांत उपयोगी वाटणारी खूण सांगतो: नेट किती वेळ जातं ते मोजा. दोन-चार सेकंद जाऊन परत येत असेल तर संशय हवेवर, म्हणजे वायफायवर. दर वेळी मिनिट-दोन मिनिटं, आणि जवळपास तेवढीच, तर एखादं यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होत असावं. राऊटरला उठायला तेवढाच वेळ लागतो. सोसायटीची पाण्याची मोटर सुरू होते तेव्हा व्होल्टेज क्षणभर पडतं आणि जुना, थकलेला अ‍ॅडॉप्टर ते पेलू शकत नाही. दिवे लुकलुकतही नाहीत, पण राऊटर बसतो. नवा अ‍ॅडॉप्टर काही शे रुपयांचा असतो. व्होल्ट अचूक तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. आणि नेट तासन्‌तास जात असेल, विशेषतः पावसात, तर बाहेरच्या तारेकडे पाहावं लागतं.

बाहेरून आता अनेक घरांत काचेचा तंतू येतो. त्याचा गाभा नऊ मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली असा तंतू संदेशवहनाला वापरता येईल असं मांडलं, तेव्हा काचेत प्रकाश काही मीटरांतच मरत होता. अशुद्धी काढली तर तो किलोमीटरच्या किलोमीटर जाईल, हा त्यांचा दावा. त्यासाठी २००९ चं नोबेल त्यांना मिळालं. आजच्या उत्तम तंतूत पंधरा किलोमीटर काच ओलांडल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. कंपनीकडून निघालेला हा प्रकाश वाटेतल्या स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि आपल्या घरातल्या ओएनटीच्या पेटीत, म्हणजे तंतूतला प्रकाश वाचणाऱ्या यंत्रात, पोचतो तो मिलिवॅटचा शंभरावा भाग. याच्या पाचव्या हिश्शापर्यंत उतरला तरी पेटी तो वाचू शकते. त्याखाली गेला की प्रकाश हरवल्याचा इशारा देणारा एलओएसचा लाल दिवा लागतो. जोडणीच्या टोकावर धुळीचा एक कण बसला, कपाटामागे तंतू तीन सेंटीमीटरहून कमी त्रिज्येत वळला, खांबावरच्या पेटीत पाणी शिरलं, उंदराने कुरतडला, तर प्रकाश पूर्ण जात नाही, काठावर येतो. आणि काठावरचा प्रकाश म्हणजेच कधी आहे, कधी नाही असं नेट. पिवळी वायर भिंतीला आवळून बांधलेली असेल तर सैल करा. टोक काढून डोळ्याने आत पाहू नका. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला लागू शकतो.

याच जाळ्यात ॲबरहोसानच्या टीव्हीचा भाऊ दडलेला असू शकतो. एका स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांच्या पेट्या वर पाठवताना आपापल्या ठरलेल्या क्षणीच चमकतात. एखादी बिघडलेली पेटी अवेळी चमकत राहिली तर शेजारपाजारच्या सगळ्यांचं नेट अडखळतं. म्हणून आपलं नेट गेलं की शेजारच्या काकूंना विचारणं हीसुद्धा तांत्रिक तपासणीच आहे.

काही खुणा चटकन पाहण्यासारख्या. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही, त्याने तो स्वतःच घेतला आहे. वायरने जोडूनही वेग १,००० ऐवजी १०० दाखवत असेल तर वायरीतल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असण्याची शक्यता दाट, कारण १०० ला चार पुरतात, १,००० ला आठही लागतात. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड बंद करण्याची परवानगी असते. ती काढून पाहावी. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘डब्ल्यूलॅन रिपोर्ट’ मागवता येतो. गेल्या तीन दिवसांत वायफाय केव्हा तुटलं, केव्हा जुळलं आणि संगणकाच्या मते का, हे त्यात वेळेसकट लिहिलेलं असतं. आपण झोपलो होतो तेव्हाचंही.

राहिला तो बिघाड, ज्यात काहीच बिघडलेलं नसतं. २०१० साली जिम गेटिस या नावाजलेल्या प्रोग्रामरने स्वतःच्या घरी पाहिलं की मोठी फाइल वर पाठवायला लागलं की बाकी सगळं नेट खोळंबतं. पिंगचं उत्तर यायला सेकंदाहूनही जास्त लागतं. कारण शोधता शोधता त्याला कळलं की यंत्रांतली स्मृती स्वस्त झाल्यामुळे राऊटर आणि मॉडेम बनवणाऱ्यांनी त्यांत पॅकेटांसाठी अवाढव्य रांगा ठेवल्या होत्या. पॅकेट टाकून देण्याऐवजी ते रांगेत साठत राही. जेकबसन-कॅरल्सची सगळी शिस्त पॅकेट हरवण्यावर उभी. पॅकेट हरवतच नाही म्हटल्यावर कोणी वेग कमी करेना. गेटिसने याला ‘बफरब्लोट’ म्हटलं. २०१२ साली कॅथलीन निकल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी उपाय सुचवला: रांग किती लांब आहे ते न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ आहे ते पाहा आणि फार वेळ असेल तर टाकून द्या. तुमचा फोन रात्री चार्जिंगला लावताच दिवसभराचे फोटो वर चढवू लागतो आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या मुलाशी चाललेला कॉल गोठतो, तेव्हा बहुधा हेच होत असतं. नव्या राऊटरमध्ये ‘स्मार्ट क्यू’ किंवा ‘एसक्यूएम’ नावाची सोय असेल तर ती चालू करा.

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी एक वही करा. नेट गेलं ती वेळ, किती वेळ गेलं, राऊटरचा पिंग चालू होता की नव्हता, ओएनटीवरचा दिवा लाल होता की हिरवा, आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं. आठवडाभराच्या नोंदी घेऊन त्याच्यासमोर बसा. रोज खांबांवर चढणाऱ्या माणसाला “नेट नीट चालत नाही” यापेक्षा “रोज साडेसहाला दोन मिनिटं जातं, राऊटर उत्तर देत नाही” हे वाक्य फार मोठी मदत करतं. आणि तो आला की पॉवर मीटर लावून तुमच्या घरी पोचणारा प्रकाश मोजायला सांगा. मीटर तो डीबीएम या एककात, उणे आकड्यात दाखवतो; उणे जितकं जास्त, तितका प्रकाश कमी. तो आकडा, उणे वीस, उणे चोवीस, जो असेल तो, तारखेसह ओएनटीच्या पाठीवर लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात नेट अडखळलं की तो पुन्हा मोजून घ्या. उणे सत्तावीसच्या, म्हणजे पेटी वाचू शकते त्या सीमेच्या, जवळ सरकला असेल, तर बिघाड तुमच्या संगणकात नाही.